धनेश पिक्चरमध्ये लागला

धनेश मेस्त्रीला कंपनीतून फोन आला त्या संध्याकाळी त्याच्या आईने, नलूकाकीने, अख्ख्या चाळीत पेढे वाटले. प्रत्येक दारात तिचं एकच वाक्य, "धनेश पिक्चरमध्ये लागला." धनेश तिच्या मागे मान खाली घालून उभा. "अगं आई, इंटर्न म्हणून लागलोय. मार्केटिंगला."

"तेच ते," काकी म्हणाली आणि पुढच्या दारात गेली.

तेच ते नव्हतं. पण ते आम्हाला कळायला एक गणपती जावा लागला.

आम्ही काळाचौकीचे. धनेश तिसऱ्या माळ्यावर, मी दुसऱ्या. मी नववीत शाळा सोडली तेव्हा चाळीतल्या झाडून सगळ्यांनी मला ज्ञान दिलं. धनेशने एकट्याने विचारलं, "म्हंजे आता दुपारची मोकळी ना तू? देखाव्याला माणूस पाहिजे." तेव्हापासून मी त्याच्या टीममध्ये. आता मी लालबागला फ्लेक्सच्या दुकानात बसते, पण गणपती जवळ आले की आमचे मालक पण मला सांगतात, जा बाई, तुझा डायरेक्टर वाट बघत असेल. धनेशबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी भांडते. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून वाटेल मी त्याच्या विरोधात आहे. नाहीये.

आमच्या मंडळाची मूर्ती छोटी. गर्दी येते ती देखाव्याला. पडदा सरकतो, लाईट पडते, मागून रेकॉर्ड केलेला आवाज गोष्ट सांगतो आणि पुतळे हलतात. हात वर जातो, मान वळते. सगळं गाडीच्या वायपरच्या मोटरवर. धनेश शाळेत असल्यापासून देखाव्याची गोष्ट लिहितो. आवाज तोच बसवतो, लाईट कधी कुणावर टाकायची ते तोच ठरवतो. खेळ चालू झाला की तो पुतळ्यांकडे बघत नाही. पडद्याच्या फटीतून लोकांची तोंडं बघतो. कुठे माणसं हलतात, कुठे खोकतात, कुठे गप होतात. "इथे ढिला पडला," असं म्हणून दुसऱ्या दिवशी तेवढा तुकडा कापतो. त्याला पिक्चर बनवायचा होता. दुसरं काहीच बनवायचं नव्हतं.

फिल्म शिकवणाऱ्या कॉलेजात जाणं त्याच्या घरच्यांना झेपणारं नव्हतं. ओळखपाळख कुणाशी नाही. मग लोअर परळच्या एका कंपनीची जाहिरात त्याला दिसली. ही कंपनी पिक्चर बनवत नाही, बनलेल्या पिक्चरचा गाजावाजा करते.

मी म्हटलं, "तुला पिक्चर बनवायचाय आणि तू पिक्चर विकायला चाललास?"

"डायरेक्टर लोक तिथेच येतात अक्षू. दार कुठलं का असेना, आत शिरायचं."

"आणि आत वॉचमनच केलं तर?"

"तरी आतच ना."

काम म्हणजे काय, तर थेटरच्या बाहेर माइक घेऊन उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्याला विचारायचं, कसा वाटला? जो "बरा आहे" म्हणेल त्याला सोडून द्यायचं. जो उड्या मारेल त्याला पकडायचं. कुणीच उड्या मारल्या नाहीत तर आपल्याच ऑफिसातल्या दोघांना उड्या मारायला लावायच्या. एकदा दादरला मला पण उभी केली. मी पिक्चर बघितलाच नव्हता. मी कॅमेऱ्यात बघून म्हटलं, "पैसा वसूल." ते टाकलं त्यांनी. माझ्या मालकांनी बघितलं आणि विचारलं, "कधी गेलीस गं? तू तर दुकानात होतीस."

पण धनेश शिकत होता, हे खोटं नाही बोलणार. घरी येऊन मला सांगायचा, आधी माणसाचं तोंड दाखवायचं, मग तो काय बघतोय ते. लोक तोंडाला थांबतात. हसणारं तोंड चालतं, रडणारं तोंड धावतं. त्याने माझाच एक व्हिडिओ घेतला होता, मी नुसती भिंतीला टेकून बसलेय. त्याच्यापुढे एकदा कुत्र्याचं पिल्लू लावलं, एकदा प्रेतयात्रा. पहिल्यात मी गोड दिसत होते, दुसऱ्यात माझं कुणीतरी मेलंय असं वाटत होतं. मी तो पुन्हा लावून बघितला.

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाय. रोज कापून कापून कळलं."

त्याचा साहेब होता शंतनु. दादरचा, हिंदू कॉलनीतला. एकदम शुद्ध बोलणारा. वाईट माणूस नव्हता. धनेशला "अरे तुरे" करायचा पण जेवलास का विचारायचा. गणपतीच्या आधी त्यांच्याकडे एक रडका पिक्चर आला होता, त्याचं नाव मी घेत नाही, पडला तो. शंतनु म्हणाला, "धनेश, आपल्याला काहीतरी खरं हवंय. स्टुडिओतलं नको. तुमच्या तिथलं, मातीतलं." आणि धनेश पटकन बोलून गेला, "सर, आमच्या मंडळाचा पहिला खेळ आहे."

पहिला खेळ म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी देखाव्याचा पहिला खेळ चाळीतल्या म्हाताऱ्यांसाठी असतो. फक्त त्यांच्यासाठी. गिरणीत गेलेली माणसं, त्यांच्या बायका, खाली सतरंजीवर बसतात, ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना खुर्च्या. मोबाईल आत न्यायचा नाही. महाप्रसादाचा मोठा टोप दाराशी ठेवतात, त्याच्यात सगळ्यांनी आपापला फोन टाकायचा, अध्यक्षाने पण. हे धनेशनेच चालू केलं होतं. म्हाताऱ्यांची नातवंडं शूटिंग करत बसायची आणि म्हातारी माणसं केस नीट करत बसायची, म्हणून.

त्या पहिल्या खेळाला हिरोईन येणार, ट्रेलर दाखवणार, असं धनेशने कमिटीपुढे मांडलं तेव्हा गडबड झाली. "उद्या साबणवाला पण येईल," कुणीतरी म्हणालं. मिटवलं गणपतबाबांनी. गणपतबाबा चाळीतले सगळ्यात जुने, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्यांच्या शब्दाला कमिटी नाही म्हणत नाही. ते म्हणाले, "येवंदेत रे. झिलाचा काम आसा." पोराचं काम आहे, येऊ द्या, एवढंच. मग ठरलं. आधी खेळ, त्याच्यानंतर हिरोईन, नंतर ट्रेलर, आणि खेळ चालू असताना शूटिंग नाही. धनेश म्हणाला, "शब्द देतो."

त्या वर्षीचा देखावा खानावळवाल्या बायकांवर होता. संपात ज्यांनी गिरणी कामगारांना जेवू घातलं त्या. मधला पुतळा होता गंगुबाईंचा, म्हणजे गणपतबाबांच्या बायकोचा. त्या जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या हातचं ज्यांनी खाल्लं ते अजून नाव काढतात. धनेशने एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, फक्त मला. त्याच्या आत्याच्या लग्नाची जुनी सीडी होती. त्याच्यात पंगत चाललीय आणि मागून गंगुबाई कुणाला तरी म्हणतायत, "सावकास जेव रे झिला, गिरण खंय पळान जाणा नाय." बँडच्या आवाजात दबलेलं वाक्य. धनेशने कितीतरी दुपारी बसून तेवढा आवाज बाजूला काढला, धुतला, स्वच्छ केला. गिरणी तर पळून गेली होती. म्हणून ते वाक्य शेवटी.

खेळ झाला. सगळ्यांचे फोन टोपात. पडद्यामागे मी मोटरच्या स्विचवर होते. पुतळ्याचा हात वर गेला, ताटात भात पडला, लाईट बारीक झाली आणि गंगुबाई बोलल्या. खऱ्या गंगुबाई. सतरंजीवर कुणी हललं नाही. मी फटीतून बघितलं. गणपतबाबांनी आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी हाक मारल्यासारखं. मग समोर पुतळ्याकडे. मग त्यांचं तोंड मोडलं. लहान पोराचं मोडतं तसं. त्यांनी ते पुसलं पण नाही.

मी धनेशकडे वळले. तो पण रडत होता. मला वाटलं, ह्याला अजून काय पाहिजे? कसला पिक्चर आणि कसली कंपनी, ह्याने आत्ताच बनवला की.

मग हिरोईन आली. उशीर झाला होता. तिने हात जोडले, नलूकाकीने तिची ओटी भरली, ट्रेलर लागला. म्हातारी माणसं दमली होती. कुणी जांभई दिली, कुणी तंबाखू मळायला घेतली. एका आजीने विचारलं, "ही कोण गो?" शंतनुचा कॅमेरावाला तोंडं शोधत फिरत होता आणि त्याला काहीच सापडत नव्हतं. जाताना शंतनु म्हणाला, "धनेश, ह्यात काही नाहीये रे. उद्यापर्यंत मला काहीतरी दे. पुढचं तुझं मी बघतो, डायरेक्टरशी बोलतो."

धनेशचा फोन टोपात नव्हता. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. लाईटच्या खोक्याखाली लावून ठेवला होता, तोंडांकडे करून. त्याने मला आईची शपथ घेऊन सांगितलं की ते कंपनीसाठी नव्हतं. स्वतःसाठी. पुढे कधी बघता यावं, आपण केलेलं बघताना माणसं कशी दिसतात. माझा त्याच्यावर विश्वास आहे. अजून आहे.

पण त्याच्याकडे तोंड होतं आणि शंतनुला तोंड पाहिजे होतं.

चतुर्थीच्या दुपारी आरती झाल्यावर त्याने मला जिन्यात बोलावलं आणि फोन हातात दिला. ट्रेलरमधली हिरोईन वळून बघते. गणपतबाबा इकडेतिकडे बघतात. हिरोईनच्या डोळ्यात पाणी. गणपतबाबांचं तोंड मोडतं. मागे पिक्चरचं गाणं. वर लिहिलेलं, 'गिरणगावच्या आजोबांना अश्रू आवरेनात.'

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पण डोळे पुसले. तेच तर. इतका चांगला कापला होता. मला कळायच्या आधी मी म्हटलं, "भारी." नंतर कळलं.

"धनेश, बाबा ह्याच्यावर नाय रडले."

"माहितीय."

"मग?"

त्याने फोन माझ्या हातातून घेतला. "टाकलाय मी पिक्चरच्या पेजवर. सकाळीच."

तो व्हिडिओ धावला. बीडीडी चाळीतल्या माझ्या मावशीने मलाच पाठवला, बघ गं किती हळवे आजोबा. सुरुवातीला आमची चाळ पण खूश होती, आपले बाबा फेमस झाले. मग पोरांनी चालू केलं. बाबा भाजी आणायला निघाले की कुणीतरी गाणं वाजवायचं. नाक्यावरच्या सलूनवाल्याने विचारलं, "काय बाबानू, हिरोईन आवडली वाटतं?" बाबांना काही कळेना. मग त्यानेच त्यांना फोनवर दाखवलं, अर्धी दाढी झालेली असताना.

बाबा घरी आले आणि गॅलरीत स्टुलावर बसले. धनेशला बोलवून घेतलं. मी पण गेले, कारण तो एकटा जाईना. मला वाटलं ते चिडतील. मला वाटत होतं त्यांनी चिडावं, एक ठेवून द्यावी, संपून जाईल.

ते म्हणाले, "माका परत दाखय."

धनेशने दाखवला. बाबांनी फोन डोळ्यांजवळ धरला. संपला, तरी धरून बसले.

"मी रडलंय ता खरा," ते म्हणाले. "पण ह्या चेडवासाठी नाय रडलंय."

"हो बाबा."

"गंगूचो आवाज खंय गेलो?"

खाली आरतीची घंटा वाजत होती. मी गॅलरीच्या कठड्याचा रंग नखाने खरवडत बसले. बाबांनी पुन्हा विचारलं, रागाने नाही, घरातली वस्तू जागेवर नसली की विचारतात तसं. "तेतूर तिचो आवाज होतो मां? तो खंय गेलो?"

"काढला," धनेश म्हणाला.

मग त्याने घाईघाईने फोन घेऊन खरा तुकडा उघडला, सगळा, आवाजासकट. "हा घ्या बाबा, आहे माझ्याकडे, तुमच्या फोनवर टाकून देतो." बाबांनी त्याचा हात बाजूला केला. हळूच.

"नको. आता तो तुझो झालो."

त्या गणपतीत ते देखाव्याला परत खाली उतरले नाहीत. आरतीला यायचे, आरती घ्यायचे, वर जायचे.

दोन दिवसांनी शंतनुचा फोन आला. त्याच पिक्चरच्या डायरेक्टरने व्हिडिओ बघितलाय, पोराला भेटायचंय. पुढच्या पिक्चरला असिस्टंट पाहिजे. जे दार धनेश शोधत होता ते हेच. नलूकाकी पुन्हा पेढ्याचं बोलायला लागली तर तो तिच्यावर ओरडला, आणि तो कधी ओरडत नाही.

मला म्हणाला, "तू चल. एकटा गेलो तर मी खोटं बोलेन."

परळला डायरेक्टरचं ऑफिस होतं, थंडगार. डायरेक्टरने विचारलं, "ही कोण?" धनेश म्हणाला, "बहीण." मी कोपऱ्यात बसले, पाय सोफ्याखाली घेऊन, कारण माझ्या चपलांना गुलाल लागला होता.

"त्या म्हाताऱ्याला काय सांगितलंस तू?" डायरेक्टर म्हणाला. "माझ्या ॲक्टर लोकांकडून मला असं मिळत नाही."

धनेशने फोन काढला आणि खरा तुकडा लावला. त्या थंड खोलीत गंगुबाई बोलल्या. सावकास जेव रे झिला. डायरेक्टरने पूर्ण बघितलं. पुन्हा लाव म्हणाला. पुन्हा बघितलं.

"म्हणजे तो माझ्या ट्रेलरवर रडलाच नाही."

"नाही सर. ती त्यांची बायको आहे. वारलेली. हा देखावा मी लिहिलाय. मी चुकीचं कापलं."

मला इतका अभिमान वाटला त्याचा. मला वाटलं आता हाकलतील, आणि आम्ही खाली जाऊन उसाचा रस पिऊ आणि सगळं धुऊन निघेल.

डायरेक्टर हसायला लागला. वाईट नाही, मनापासून. "चुकीचं? अरे, तू मला फसवलंस. माझाच ट्रेलर वापरून मला. सोमवारपासून ये."

धनेश म्हणाला, "सर, तो व्हिडिओ काढायला सांगाल? बाबांना त्रास होतोय."

"शुक्रवारी पिक्चर लागतोय. शुक्रवारनंतर काढू."

आता तो बोलेल. मी वाट बघत होते. आत्ता काढा, नायतर मी येत नाही, असं काहीतरी. जो माणूस देखाव्यात लाईट एक बोट इकडची तिकडे झाली तर अख्ख्या मंडळाशी भांडतो तो ह्यावर काहीतरी बोलेलच.

"ओके सर," धनेश म्हणाला. "थँक यू."

आणि मी? मी, जी रिक्षावाल्याशी, वाण्याशी, पोलिसाशी कुणाशी पण भांडते? मी पण गप बसले. उलट उठताना डायरेक्टरला नमस्कार केला. का केला माहीत नाही. हात आपोआप जोडले गेले.

लिफ्टमध्ये धनेश म्हणाला, "लागलो." केईएमच्या वॉर्डाबाहेर माणसं बोलतात तशा आवाजात. उसाचा रस आम्ही प्यायलो नाही.

शुक्रवारी पिक्चर लागला, पुढच्या गुरुवारी उतरला. व्हिडिओ कुणी काढला नाही. धनेशने शंतनुला सांगितलं, शंतनुने दुसऱ्या कुणाला सांगितलं, मग त्या पेजचा पासवर्डच कुणाकडे नव्हता. अजून आहे तो. अधूनमधून अजून कुणीतरी खाली बदाम टाकतं.

धनेश आता असिस्टंट आहे. खरोखरच्या सेटवर. चांगलं काम करतो, डायरेक्टर त्याला सोडत नाही. दुकानात पोरं येतात, वडाळ्याचा एकजण तर बॅनर छापायला येऊन तासभर बसला, विचारत होता, ताई, पिक्चरमध्ये जायचं असेल तर ही मार्केटिंगची इंटर्नशिप करून फायदा होतो का? मी म्हटलं, होतो. धनेशला झाला. तो म्हणाला, मग तुम्ही अशा रागाने का सांगताय? मी त्याला बॅनरचं प्रूफ दिलं आणि म्हटलं, नाव नीट तपास.

ह्या वर्षी पण देखावा धनेशनेच केला. शूटिंगमधून सुट्ट्या काढून. पहिल्या खेळाला टोप ठेवला तेव्हा सगळ्यांच्या देखत त्याने आधी स्वतःचा फोन टाकला. मोठ्याने वाजला तो रिकाम्या टोपात. गणपतबाबा येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं, पण आले. मी त्यांना हात धरून खाली आणलं. "तुम्ही नसता आलात तरी चाललं असतं बाबा," मी म्हटलं.

"झिलान बोलावल्यान," ते म्हणाले, "येवक व्हया."

मोटर या वेळी दुसऱ्या पोराकडे दिली होती. मी बाबांच्या शेजारी सतरंजीवर बसले. लाईट गेली, पडदा सरकला. आणि बाबांनी खांद्यावरचा टॉवेल उचलून तोंडावर घेतला. सगळं तोंड झाकून. टॉवेलाच्या आतून ऐकत बसले.

मी मागे वळून बघितलं. आजींनी पदर पुढे ओढून घेतले होते, नाकाच्या खालपर्यंत. एकजण टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पुतळे हलत होते, गोष्ट चालली होती, धनेशने लिहिलेली, चांगली होती. अख्ख्या सतरंजीवर एक तोंड दिसत नव्हतं.

पडद्याच्या फटीत त्याचा डोळा होता. मला दिसत होता.

मी माझी ओढणी मांडीवर धरून ठेवली आणि तोंड वर केलं, त्याच्याकडे, उघडं. त्याला एक तरी तोंड दिसावं म्हणून. फक्त त्या तोंडाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. हसू येईना, रडू येईना. खेळ संपेपर्यंत मी तशीच बसून राहिले.